शेतकरी स्त्रीचा दिवस आणि त्यावरचा अधिकार

शेतकरी कुटुंबातील स्त्री घर आणि शेत दोन्ही सांभाळते, हे विधान महाराष्ट्रात इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकाने केले जाते की त्यात तपासण्याजोगे काही उरले असावे असे सहसा कोणाला वाटत नाही. दरवर्षी १५ ऑक्टोबरला महिला किसान दिन साजरा होतो, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि अशा निमित्ताने होणाऱ्या सत्कारांत तिच्या कष्टाळूपणाचा व दोन्हीकडचे निभावून नेण्याच्या हातोटीचाच गौरव होतो. हा गौरव खोटा नाही; परंतु ही ओढाताण कोणाच्या निर्णयांमुळे निर्माण होते आणि ती कमी करणे कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्याखाली झाकला जातो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की शेतकरी स्त्रीजवळ कौशल्याची, चिकाटीची किंवा शेतीच्या ज्ञानाची वानवा नाही, वानवा आहे ती वेळेची. आणि पीक कोणते घ्यावे, यंत्र कोणत्या कामासाठी आणावे, मूल कोणी सांभाळावे, सातबाऱ्यावर नाव कोणाचे असावे अशा ज्या निर्णयांतून ही टंचाई उपजते, त्या निर्णयांच्या वेळी तिला बहुधा विचारले जात नाही. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू, म्हणजे पावसाच्या पाण्यावर अवलंबून असलेली, शेती हे आहे. कोकणातील भातशेतीत किंवा पश्चिम महाराष्ट्रातील बागायतीत कामाचे चक्र निराळे असल्याने त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

प्रथम मोजणीचा प्रश्न घेणे योग्य ठरेल, कारण शासनाच्या योजना आणि तरतुदी मोजणीवर उभ्या राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतीत होत्या. एकूण स्त्री कामगारांपैकी सुमारे ४१ टक्के शेतमजूर म्हणून आणि सुमारे २४ टक्के शेतकरी म्हणून नोंदल्या गेल्या. याउलट २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीदारांमध्ये, म्हणजे जमीन कसण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे अशा व्यक्तींमध्ये, स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आढळले आणि त्यांच्याकडील क्षेत्राचे प्रमाण १२ टक्क्यांच्याही आत राहिले. काम करणाऱ्यांची गणना आणि कसणाऱ्यांची गणना यांतील ही तफावत केवळ आकडेवारीची नाही. शेतीत राबणारी व्यक्ती आणि शेती चालवणारी व्यक्ती यांत समाज जो भेद करतो तोच या गणनांत उतरला आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगारविषयक पाहण्यांत हा भेद आणखी खोलवर दिसतो. या पाहण्यांत प्रत्येक व्यक्तीला तिच्या मुख्य कामानुसार एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. जी स्त्री केवळ घरकाम करते तिचा क्रमांक ९२; जी घरकामाबरोबरच घरच्या वापरासाठी भाजीपाला, सरपण किंवा जनावरांचा चारा गोळा करते, शिवणकाम करते, तिचा क्रमांक ९३; आणि या दोन्ही क्रमांकांच्या स्त्रिया श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकसंख्येच्या, बाहेर धरल्या जातात. घरच्या शेतात खुरपणी करणारी स्त्री २१ या क्रमांकात बसते खरी, पण त्या क्रमांकाचा अर्थ कौटुंबिक उद्योगातील मोबदला न घेणारा मदतनीस असा आहे. चारा कापणे, शेणाच्या गोवऱ्या थापणे आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, मोडून सरपणासाठी रचणे ही शेतीच्या व्यवस्थेतलीच कामे आहेत. ती थांबली तर गोठा आणि चूल दोन्ही बंद पडतील, तरीही मोजणीच्या दृष्टीने ती करणारी स्त्री काहीच करत नाही. एखाद्या व्यवस्थेने इतक्या श्रमांकडे इतक्या नियमितपणे पाठ फिरवावी, हे अनवधान म्हणून सोडून देता येत नाही.

२०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाने ही उणीव काही अंशी भरून काढली. वेळ-वापर सर्वेक्षण म्हणजे पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार या चोवीस तासांत माणसाने काय काय केले याची अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत केलेली नोंद. त्यानुसार दिवसभरात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांहून अधिक आणि पुरुषांत सुमारे २६ टक्के होते. आणि जे ही कामे करत होते त्यांच्यापैकी स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटांचा, तर पुरुषांचा ९७ मिनिटांचा वेळ त्यात जात होता. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही; तिची मोजणी वेगळी आहे. म्हणजे मजुरीचा किंवा शेतातला पहिला तास सुरू होण्याआधीच स्त्रीच्या दिवसातील जवळपास पाच तास वाटून दिलेले असतात. चुलीवर डाळ शिजत असताना मूल मांडीवर घेऊन बियाणे निवडणारी स्त्री एकाच अर्ध्या तासात तीन कामे करत असते. अशा वेळी तुकड्यांत पाडलेली नोंद तिच्या श्रमांचा कालावधी सांगू शकते, दाटी मात्र तिला पुरती सांगता येत नाही.

घर आणि शेत अशी विभागणी मुळात शेतकरी स्त्रीच्या दिवसाला लागू पडत नाही. भाकरी थापणे हे घरकाम मानले जाते, परंतु तीच भाकरी न्याहारी म्हणून फडक्यात बांधून औताच्या गड्यासाठी बांधावर नेली जाते तेव्हा ती पेरणीच्या खर्चाचा भाग असते, जरी तो खर्च कोणत्याही हिशेबात लिहिला जात नसला तरी. बियाणे राखण्याचे काम तर पूर्णपणे या सीमेवरचे आहे. कणीस निवडणे, उन्हात वाळवणे, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवणे, मडक्यात बंद करून पुढच्या मृगापर्यंत कीड लागू न देणे, हे सारे घराच्या चार भिंतींत स्त्रिया करत आल्या आणि त्यावर शिवाराची पेरणी उभी राहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभारली आणि त्या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला, तेव्हा परसबागेत आणि उतरंडीत चालणाऱ्या या कामाला शेतीशास्त्राचे मोल आहे हे सार्वजनिकरीत्या मान्य झाले. इतर असंख्य घरांत ते काम आजही ९२ किंवा ९३ या क्रमांकाखालीच चालते.

इतिहासाकडे पाहिले तर ही कामाची वाटणी सनातन नाही हे लक्षात येते. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्थिक विकासातील स्त्रियांच्या भूमिकेविषयीच्या ग्रंथात असे मांडले की जेथे शेती कुदळीने होई तेथे ती प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होती आणि नांगर आल्यावर जमिनीवरचा ताबा पुरुषाकडे सरकला. महाराष्ट्रातील कामाची विभागणीही औताभोवतीच झालेली आहे. नांगरणी, वखरणी, कोळपणी ही औताची कामे पुरुषांची. खुरपणी, ज्याला विदर्भात निंदणी म्हणतात, तसेच वेचणी, सोंगणी आणि उफणणी ही वाकून, बसून, हाताने करावयाची कामे स्त्रियांची. पहिल्या प्रकारची कामे थोड्या दिवसांत आटोपतात, दुसऱ्या प्रकारची आठवडेच्या आठवडे चालतात. महात्मा फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘कुळंबीण’ या रचनेत कुणबी स्त्रीच्या अखंड राबण्याचे चित्र उभे केले होते. मराठीतील सामाजिक विचाराला हा विषय नवा नाही, त्याने तो पुढे नेटाने चालवला नाही इतकेच.

यंत्रे आली ती याच विभागणीच्या वाटेने आली. नांगरणीला ट्रॅक्टर आला, मळणीला मळणीयंत्र आले, फवारणीला बॅटरीचा पंप आला. खुरप्याला आणि वेचणीला मात्र दीर्घकाळ काहीच आले नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला दातेरी आणि हलका ‘वैभव विळा’ यासारखी अवजारे आहेत, भुवनेश्वरला शेतीतील स्त्रियांसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे, परंतु कर्ज काढून घरात आणले जाणारे यंत्र कोणाचा घाम वाचवणारे असावे हे ठरवताना या संशोधनाचा आधार क्वचितच घेतला जातो. घरातल्या कामांत सर्वांत मोठा बदल घडवला तो पिठाच्या गिरणीने. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात आहे, आणि यावरून पहाटेच्या दळणात स्त्रियांचे किती आयुष्य गेले याचा अंदाज बांधता येतो. दळण गेल्याने मोकळ्या झालेल्या त्या तासांत विश्रांती मात्र आली नाही. शेतावर लवकर पोहोचणे शक्य झाले आणि मग ते अपेक्षितही झाले.

पीकबदलाचा परिणाम याहून सूक्ष्म आहे आणि त्याचा विचार फारच थोडा झाला आहे. मराठवाड्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली तेव्हा त्या निर्णयाची चर्चा भाव, उतारा आणि पावसाचा खंड यांच्या भाषेत झाली. ज्वारी मात्र धान्याबरोबर कडबाही देत असे. म्हणजे घरच्या भाकरीची आणि जनावरांच्या वैरणीची सोय एकाच रानात होत असे. सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा भरून काढत नाही, त्यामुळे बांधोबांध हिंडून हिरवे गवत कापून आणणे वाढले, आणि ते आणणारी कोण हे सांगण्याची गरज नाही. कापसाचेही असेच झाले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या आरंभी कमी झाल्या, म्हणजे पुरुषांच्या वाट्याचे काम घटले, तर उत्पादन वाढले तसतशी स्त्रियांच्या वाट्याची वेचणी वाढली. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने मजूर स्त्रियांना त्यातून काही रोजगार मिळाला हेही खरे. पण स्वतःच्या शेतात वेचणाऱ्या अल्पभूधारक स्त्रीला ती मजुरी नाही आणि कापूस विकल्यावर येणारी पट्टीही तिच्या नावाने फाटत नाही. तणनाशकांनी अलीकडे खुरपणीचे दिवस कमी केले, तेव्हा घरच्या स्त्रीची कंबर काहीशी सुटली आणि त्याच वेळी मजूर स्त्रीचा रोज बुडाला. कोरडवाहू प्रदेशात एकच स्त्री एके दिवशी स्वतःच्या रानात आणि पुढच्या दिवशी दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते, म्हणून एकाच निर्णयाने तिचा दिवस हलका आणि मिळकत कमी असे दोन्ही होऊ शकते. पूर्वीच्या सावडीच्या पद्धतीत, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने विनामजुरी काम करण्याच्या पद्धतीत, ही ओढ काहीशी सैल होत असे; रोकड मजुरी आणि उक्ते काम वाढल्यावर सावड आक्रसली.

या ओढाताणीचे सर्वांत कठोर रूप ऊसतोडीत दिसते. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर साखर कारखान्यांच्या भागात जातात. त्यांना कामावर घेताना नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरले जाते आणि मुकादम त्या जोडीला जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. उचल घेणारा आणि हिशेब करणारा बहुतेक वेळा नवरा असतो, फेडणारी मात्र दोघेही असतात. पहाटे स्वयंपाक करून फडात जाणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे, गाडी रात्री आली तर रात्री भरणे, आणि पुन्हा कोपीवर येऊन पाणी व चूल, असा हा दिवस असतो. कामाचा खाडा झाला तर दंड होतो, आणि मासिक पाळी किंवा बाळंतपण यांनाही खाड्याच्या हिशेबात सूट नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आला, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदले गेले. हे प्रमाण साधारण सहा स्त्रियांमागे एक इतके भरते. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय अनाचार, गैरसमज, लहान वयातील लग्न आणि अस्वच्छतेतून होणारे आजार अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत. तरीही जेथे शरीराला विसावा देण्याची वेळ कराराने नाकारलेली आहे तेथे शरीराचा अवयवच अडचण वाटू लागावा, ही महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासातील अत्यंत लाजिरवाणी गोष्ट आहे.

मुलांच्या सांभाळाचा प्रश्न या सर्व स्थितींत समान आहे. १९७२ च्या दुष्काळात आकार घेतलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी पाळणाघराची कल्पना होती. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आलेली असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. खडी फोडण्याच्या जागी बाळाला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवावे लागू नये इतकी साधी ही तरतूद. प्रत्यक्षात ती अपवादानेच अमलात आली. खाजगी शेतीत तर अशी कोणतीही जबाबदारी कोणावर नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यामुळे गावोगाव अंगणवाड्या झाल्या, परंतु अंगणवाडी दुपारी सुटते आणि खुरपणीचा रोज संध्याकाळी संपतो. मधल्या तासांत धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळेतून घरी थांबते, म्हणजे आईच्या वेळेची टंचाई लेकीच्या शिक्षणातून भागवली जाते. सुगीच्या आणि खुरपणीच्या महिन्यांत अंगणवाडीची वेळ वाढवणे व त्या वाढीव वेळेचे मानधन सेविका आणि मदतनीस यांना पुरेपूर देणे, हा उपाय कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा शेतीला अधिक उपयोगी पडेल.

आता जमिनीच्या नावाकडे वळावे लागते, कारण वर वर्णिलेल्या निर्णयांचा अधिकार शेवटी तेथे जाऊन थांबतो. सातबारा हा गाव नमुना सात, म्हणजे अधिकारांची नोंद, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, यांचा मिळून झालेला उतारा आहे. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, वर्षाला ६,००० रुपये देणारी केंद्राची शेतकरी सन्मान योजना, या सर्वांचे दार या उताऱ्यावरील नावाने उघडते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मापासून हिस्सा असलेली व्यक्ती, मानले. २००५ मध्ये केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीने तो हक्क देशभर लागू झाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर तो अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. कायद्याने दिलेला हा हक्क व्यवहारात हक्कसोडपत्राने, म्हणजे बहिणीने भावाच्या लाभात हिस्सा सोडल्याच्या दस्ताने, परत घेतला जातो. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. पत्नीची स्थिती तर याहून कच्ची आहे. ती सासरच्या एकत्र कुटुंबात सहदायाद नसते, नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर तिला हिस्सा मिळतो, मात्र ती वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाही. विधवा झाल्यावरही अनेकदा तिचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात लागण्याऐवजी ‘इतर अधिकार’ या रकान्यात ढकलले जाते. माहेरी बहीण म्हणून सोडायचे आणि सासरी पत्नी म्हणून मागायचे नाही, अशा दुहेरी रीतीने ती आयुष्यभर जमिनीवर राबूनही तिची धनी होत नाही.

शेतकरी चळवळीने हा प्रश्न एकदा ठामपणे हाती घेतला होता, याची आठवण आज क्षीण झाली आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, लाखाहून अधिक स्त्रिया तेथे जमल्या, आणि त्यानंतरच्या काळात संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शंभर कुटुंबांतील पुरुषांनी आपल्या जमिनीचा हिस्सा स्वेच्छेने पत्नीच्या नावे केला की ते गाव लक्ष्मीमुक्त गाव म्हणून गौरवले जाई. पुढे १९९२ मध्ये राज्य शासनाने याच नावाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. बाजारभावाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या एका संघटनेने घरातल्या शोषणाची जबाबदारी स्वतःच्या सभासदांवर टाकली, ही त्या चळवळीची फार मोठी नैतिक कमाई होती. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या संज्ञेत मजूर, कूळ, पशुपालक असे सर्व घटक घेतले. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकात शेतकरी स्त्रीला ग्रामपंचायतीमार्फत प्रमाणपत्र देण्याची सूचना होती, म्हणजे मालकी नसतानाही तिला कर्ज आणि योजना मिळाव्यात. ते विधेयक व्यपगत झाले.

जमिनीवर नाव लागल्याने दिवसाचे तास आपोआप कमी होतात असा दावा येथे केलेला नाही. उलट अधिकाराबरोबर बँकेच्या, तलाठी कार्यालयाच्या आणि बाजार समितीच्या चकरा वाढतात, आणि घरातील पुरुषाने चूल, पाणी व मूल यांतील वाटा उचलला नाही तर मालकी हीही आणखी एक पाळी ठरते. तथापि निर्णय हातात आल्यावर काय बदलते याची उदाहरणे मराठवाड्यातच आहेत. धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने २०१२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत जी एक एकर शेतीची पद्धत रुजवली, तिच्यात कुटुंबाने सुमारे एक एकर जमीन स्त्रीच्या निर्णयाखाली द्यायची आणि तिने त्यात धान्य, डाळी व भाजीपाला यांची मिश्र पिके कमी पाण्यात व घरच्या खतावर घ्यायची असे ठरले. या स्त्रियांनी निवडलेली पिके लक्षणीय आहेत. त्यांत घरच्या जेवणाची सोय आहे, जनावरांचा चारा आहे, आणि काढणी एकदम अंगावर न येता टप्प्याटप्प्याने येते. वेळेच्या टंचाईत जगणाऱ्या व्यक्तीला पीक निवडू दिले तर ती वेळेचाही विचार करून पीक निवडते. केवळ उताऱ्याचा आणि भावाचा विचार करणाऱ्या कृषिविस्ताराला, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत सल्ला पोहोचवणाऱ्या यंत्रणेला, हे आजवर सुचलेले नाही.

ज्यांच्या नावे शेतजमीन आहे अशा प्रत्येक श्रोत्याने आणि वाचकाने आपला सातबारा काढून कब्जेदाराच्या रकान्यात पत्नीचे नाव आहे का ते पाहावे, नसल्यास लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाचा आधार घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा, आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवू नये. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. येत्या खरिपापूर्वीच्या महिला सभेत अंगणवाडीची वेळ खुरपणीच्या दिवसांत वाढवण्याचा ठराव घ्यावा आणि तो ग्रामसभेच्या कार्यवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभा सोडू नये.